तटाच्या बाहेरचा किल्ला

१/ #थ्रेड
जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारसा यादीत केली. त्यांपैकी चार सागरी आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. अभिनंदनाचे संदेश आपण सर्वांनी पाठवले, जुनी छायाचित्रे नव्याने झळकली. परंतु त्या नावातील ‘भूप्रदेश’ या शब्दाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आजची मालिका त्या एका शब्दाविषयी, आणि कोकणात साहसी पर्यटनाला निघणाऱ्या आपल्या पिढीविषयी आहे.

२/
मालवणला जाणाऱ्या पर्यटकाचा दिवस साधारणतः ठरलेला असतो. सकाळी होडीने सिंधुदुर्ग. तासाभरात तट, मंदिर, विहिरी, छायाचित्रे. दुपारी स्कूबा, पॅरासेलिंग, डॉल्फिन-दर्शन. सकाळचा भाग ‘इतिहास’, दुपारचा भाग ‘निसर्ग’. दोन्हींची तिकिटे वेगळी, माहिती देणारी माणसे वेगळी. माझे मत असे की ही विभागणीच चुकीची आहे. ती इतिहासाचे नुकसान करते, समुद्राचेही करते, आणि प्रसंगी माणसांचे प्राणही धोक्यात घालते. कारणे क्रमाने मांडतो.

३/
आरंभ सिंधुदुर्गापासूनच करू. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरील कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू झाले. १६६७ मध्ये ते पूर्णत्वास गेले. किनाऱ्यावरील ज्या खडकापाशी भूमिपूजन झाले, तो ‘मोरयाचा धोंडा’ आजही तेथे आहे. त्यावर गणेश, सूर्य व चंद्र कोरलेले आहेत. बहुतेक पर्यटक तेथे फिरकतही नाहीत, कारण तो कोणत्याच ‘पॅकेज’मध्ये बसत नाही. विचारण्यासारखा प्रश्न असा: एवढ्या लांबलचक किनाऱ्यावर हेच बेट का निवडले गेले?

४/
उत्तर तटावर मिळत नाही. ते पाण्यात आहे. कुरटे बेटाभोवती खडकांचे दाट जाळे आहे. काही खडक ओहोटीला उघडे पडतात, काही कधीच दिसत नाहीत. वाट ठाऊक असलेल्या लहान होडीला तेथून सहज जाता येते. खोल बुडाच्या परक्या जहाजाला तोफेच्या माऱ्यापूर्वी त्या खडकांशीच गाठ घालावी लागे. किल्ल्याचा दरवाजा बुरुजांच्या वळणात दडलेला आहे, हे मार्गदर्शक आवर्जून सांगतात. त्या दरवाजापर्यंतची वाटही तशीच दडलेली आहे, हे मात्र सांगायचे राहून जाते.

५/
म्हणजे सिंधुदुर्गाला दोन तट आहेत. एक चिऱ्यांचा आणि चुन्याचा, जो आपण पाहतो. दुसरा निसर्गाने पाण्याखाली रचलेला, ज्याच्या भरवशावर पहिला उभा राहिला. भुईकोटाचा खंदक जसा किल्ल्याचाच भाग मानतात, तसा हा बाहेरचा खडकही किल्ल्याचाच भाग आहे. हे एकदा लक्षात आले की स्कूबा करणारा पर्यटक नेमका कोठे पोहत असतो, याचे उत्तर बदलते. तो किल्ल्याबाहेर नसतो. तो किल्ल्याच्या खंदकात उतरलेला असतो.

६/
याच खडकांवर प्रवाळ वाढतात. त्यांच्या कपारींत मासे अंडी घालतात, पिल्ले मोठी होतात. १९८७ मध्ये मालवणच्या या सागरी परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला: क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातील ३.१८ चौरस किलोमीटरच्या गाभ्यात सिंधुदुर्ग आणि शेजारचा पद्मगड ही दोन्ही ठिकाणे येतात. इतिहासाचा गाभा आणि निसर्गाचा गाभा एकाच जागी यावेत, हा योगायोग नाही. ज्या खडकाने शत्रूची जहाजे अडवली, त्याच खडकाने प्रवाळाला आधार दिला.

७/
आता विचार करा. तटाच्या चिऱ्यावर कोणी नाव कोरले की आपण संतापतो. ते योग्यच आहे. परंतु पर्यटकांची होडी थांबवण्यासाठी प्रवाळावर लोखंडी नांगर टाकला जातो, पाण्याखाली कोणी आधारासाठी प्रवाळाला हात लावतो, छायाचित्रासाठी त्यावर उभा राहतो, तेव्हा आपल्यापैकी किती जण संतापतात? चिरा बदलता येतो. गोट्यासारखे वाढणारे अनेक प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. नांगराच्या एका ओढीने गेलेला भाग पुन्हा भरून यायला एक पिढी पुरत नाही.

८/
भूगोल हा इतिहासाचा केवळ देखावा नसतो, याचे दुसरे उदाहरण खांदेरी. १६७९ मध्ये मराठ्यांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेले हे बेट बांधायला घेतले. इंग्रजांनी ते रोखण्यासाठी जहाजे पाठवली. ‘रिव्हेंज’ हे त्यांचे त्यांतील मोठे जहाज. तोफांच्या बळात ते वरचढ होते. तरीही थळच्या बाजूने रात्रीच्या अंधारात बेटावर माणसे व सामान पोहोचत राहिले. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांना तडजोड करावी लागली.

९/
हे कसे घडले? इंग्रजांची जहाजे शिडांवर अवलंबून. वारा पडला की ती जागीच खिळत. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर चालत, उथळ पाण्यातून निसटत. कोणत्या घटकेला कोठे किती पाणी असेल, हे नावाड्यांना तोंडपाठ होते. खांदेरीची लढत ही तोफांइतकीच भरती-ओहोटीच्या ज्ञानाची लढत होती. पुस्तकात आपण सेनानींची नावे वाचतो. पाण्याचा अंदाज देणाऱ्या नावाड्यांची नावे बहुधा कोणी लिहून ठेवली नाहीत.

१०/
हे ज्ञान गूढ नव्हते, पण ते रोजच्या सरावाचे होते. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब प्रचलित आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणतः मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी. पहाटे जमिनीकडून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे, दुपारी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यावर परतायचे.

११/
हे ज्ञान ज्यांच्याकडे होते, त्यांना स्वराज्याने कसे वागवले? जंजिऱ्याच्या मोहिमेतील लाय पाटील कोळ्याची कथा आपल्याला ठाऊक आहे. परंपरा अशी सांगते की त्याने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मागून येणारी कुमक वेळेत पोहोचली नाही आणि मोहीम फसली. तरीही महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. पालखी घेऊन दर्यावर आम्ही काय करणार, असे त्याने नम्रपणे सांगितले. तेव्हा त्याला गलबत देण्यात आले आणि त्या गलबताचे नाव ‘पालखी’ ठेवण्यात आले.

१२/
कथेचा तपशील परंपरेचा आहे. पण ती इतकी टिकली यालाच अर्थ आहे. दर्यावर्दी माणसाचा सन्मान त्याच्या कामाच्या भाषेत करावा, ही समज तिच्यात आहे. आज त्याच किनाऱ्यावरील कोळी, भंडारी, गाबीत तरुण साहसी पर्यटनात कोणत्या भूमिकेत दिसतो? होडी चालवणारा, सिलिंडर उचलणारा, दोर धरणारा. वारा कसा ओळखायचा, हे त्याला कोणी विचारत नाही. पर्यटकाला पाण्याखालचा व्हिडिओ मिळतो. ज्याच्या आजोबांना येथले प्रत्येक खडप नावानिशी माहीत होते, त्याची ओळखही होत नाही.

१३/
येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. ‘निसर्ग जपा’ म्हणणे सोपे; पोट कोणी भरायचे? मालवणच्या अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांनी तीव्र विरोध केला होता. आपल्याला न विचारता आपल्या समुद्रावर रेघ ओढली गेली, अशी त्यांची भावना होती. ती नाकारून चालणार नाही. मासळीचे उत्पन्न घटत असताना पर्यटनाने अनेक घरांना आधार दिला आहे. म्हणून ‘हे सगळे बंद करा’ असे मी म्हणत नाही. ज्याची उपजीविका त्या खडकावर आहे, त्याच्या संमतीवाचून तो खडक वाचणार नाही.

१४/
हा पेच नवा नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांना लाकूड हवे, हे त्यात मान्य केले आहे. तथापि रयतेच्या आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, असेही बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती मुलांप्रमाणे सांभाळून वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेच असेल, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे.

१५/
यातील तर्क नीट पाहा. आरमार ही राज्याची निकड होती, चैन नव्हती. तरीही सावकाश वाढणाऱ्या गोष्टीला घाईच्या गरजेपेक्षा अधिक मान दिला गेला, आणि ती जपणाऱ्या माणसाला मालकाचा दर्जा दिला गेला. झाडाच्या जागी प्रवाळ ठेवा, रयतेच्या जागी किनाऱ्यावरचा मच्छीमार ठेवा; तीनशे वर्षांपूर्वीची ती आज्ञा आजच्या मालवणला जशीच्या तशी लागू पडते. आपली गरज तर राज्यरक्षणाची नाही, सुट्टीची आहे. मग आपण किती अधिक जपून वागले पाहिजे?

१६/
आता प्राणांचा प्रश्न. कोकणच्या समुद्राला पंचांग आहे. पावसाळ्यात गलबते ओढून किनाऱ्यावर किंवा खाडीत सुरक्षित ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून पुन्हा पाण्यात लोटायची, हा क्रम शतकानुशतके चालत आला. आजही महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. अनेकांना ही सरकारी अडवणूक वाटते. वस्तुतः कायद्याने येथे कोळीवाड्याचेच पंचांग स्वीकारले आहे.

१७/
ते न जुमानल्यास काय होते, हे या किनाऱ्याने पाहिले आहे. १७ जुलै १९४७. आषाढ अमावास्येच्या सणासाठी घरी निघालेल्या प्रवाशांनी भरलेली ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसकडे निघाली आणि वाटेतच बुडाली. ६०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्या धामधुमीत ही शोकांतिका राष्ट्रीय स्मृतीतून जवळजवळ पुसली गेली. जे थोडे वाचले, त्यांतील अनेकांना रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले.

१८/
ती माणसे साहसासाठी निघाली नव्हती. त्यांना घर गाठायचे होते. आपल्याला तर निवड आहे. तरीही मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांना प्राण गमवावे लागले. मे महिन्याचा उत्तरार्ध म्हणजे वारा फिरण्याचे, समुद्र खवळू लागण्याचे दिवस. शाळांच्या सुट्ट्या आणि समुद्राची सुट्टी यांचे वेळापत्रक एक नाही. ‘एवढ्या लांबून आलो आहोत, एकदा नेऊन आणा’ असा आग्रह आपण होडीवाल्याला करतो, तेव्हा त्याच्या अनुभवापुढे आपण आपले पैसे ठेवत असतो.

१९/
कोणी म्हणेल, धोका नसेल तर साहस कसले? आरमाराचा इतिहास याचे उत्तर देतो. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे आंग्र्यांच्या काळातील गोदी आहे: खडक फोडून तयार केलेली, सुमारे साडेतीनशे फूट लांबीची. जहाज समुद्रात जितके दिवस झुंजे, त्याहून अधिक काळजी त्याची अशा आडबाजूच्या खाडीत घेतली जाई. आपल्याला लढाया आठवतात, गोद्या आठवत नाहीत. धाडस दाखवणाऱ्यांनीच सर्वाधिक तयारी केली होती, ही गोष्ट त्या रिकाम्या गोदीत उभे राहिल्यावर पटते.

२०/
तयारीइतकेच मोल संयमाचे आहे. विजयदुर्गाजवळ पाण्याखाली भिंतीसारखी रचना आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी तिची पाहणी केली आहे. ती मानवनिर्मित की नैसर्गिक, कोणत्या काळातील, यावर मतभेद आहेत. होडीत सांगितली जाणारी कथा मात्र नेहमी ठाम असते: शत्रूची जहाजे फोडण्यासाठी बांधलेली गुप्त भिंत. कथा ऐकावी, परंतु ती पुरावा मानू नये. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर, खुल्या समुद्रात बुडालेले आंग्रिया बँक हे प्रवाळांचे विस्तीर्ण पठारही आंग्र्यांच्याच नावाने ओळखले जाते. तेथेही पर्यटकांच्या आधी अभ्यासक पोहोचायला हवेत.

२१/
हे सारे जमते का? जमते. मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या चिपळूणच्या संस्थेने ग्रामस्थांसह तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले; २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात, घरचे जेवण जेवतात. पिल्ले अंड्यांतून केव्हा बाहेर येतील हे कासवे ठरवतात, पर्यटक नाही. कधी रिकाम्या हाताने परतावे लागते. तरीही लोक पुन्हा येतात.

२२/
सिंधुदुर्गाची अडचण वेगळी आहे. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, अभयारण्य वन विभागाकडे, होड्यांचे व जलक्रीडेचे परवाने सागरी मंडळाकडे. खडक एक, कार्यालये तीन. म्हणून माझ्या मागण्याही तीनच आहेत. एक: प्रवाळांच्या जागी नांगर टाकण्याऐवजी होड्या बांधता येतील असे कायमचे बोये बसवावेत. दोन: किल्ल्याच्या तिकिटावर भोवतालच्या खडकांचा नकाशा आणि त्या दिवसाची भरती-ओहोटी छापावी. तीन: स्थानिक तांडेलांना मार्गदर्शक म्हणून मान्यता व मानधन द्यावे, आणि त्यांनी दिलेली खडकांची, वाऱ्यांची, वाटांची नावे नोंदवून ठेवावीत.

२३/
शासन करील तेव्हा करील. आपण पुढच्या वेळी होडीत पाय ठेवण्यापूर्वी चार प्रश्न विचारू शकतो. आज तिथी कोणती, भरती केव्हा? होडी कोठे आणि कशी थांबवणार? सर्वांना पुरतील एवढी लाइफ जॅकेट आहेत का? आणि या खडकाला तुमच्याकडे काय म्हणतात? पहिल्या तिन्हींची उत्तरे समाधानकारक नसतील तर होडीत बसू नये. चौथ्याचे उत्तर वहीत लिहून घ्यावे. ते उत्तर देऊ शकणारी माणसे वयाने थकत चालली आहेत, आणि त्यांची मुले कामासाठी शहरांकडे निघाली आहेत.

२४/
बखरी, पत्रे, फर्माने जपण्यासाठी आपल्या आधीच्या पिढ्यांनी आयुष्ये वेचली. कोकणच्या किनाऱ्यावर एक दप्तर अजून उघड्यावर पडले आहे: खडकांत, वाऱ्यांत, खाड्यांत आणि माणसांच्या तोंडी. त्याची पाने दरवर्षी थोडी थोडी कमी होत आहेत. साहस करायचेच असेल, तर ते वाचायला जा. आपल्या गावाकडच्या समुद्रातील खडकांची, वाऱ्यांची, वाटांची स्थानिक नावे ठाऊक असतील तर खाली प्रतिसादांत गावाच्या नावासह जरूर लिहा. ती एकत्र करून पुढील मालिकेत मांडतो.
मालिका समाप्त. 🙏